डाव्या पायाची वाट

"…ते सगळं ठीक आहे बाई, पण परत येईल की नाही, तेवढंच सांगा ना."

बाई बाकावर बसल्या होत्या. त्या कॅनव्हासच्या बुटात अडकलेलं कुसळ काढत होत्या.

"बाई, मी विचारतोय."

"ऐकू येतंय मला. काय परत येईल?"

"माझा स्विंग."

कुसळ निघालं. बाईंनी ते बोटावर धरून पाहिलं आणि टाकून दिलं.

"आधी दाखव," त्या म्हणाल्या.

निरंजन दिघे म्हणजे छावणीच्या गावातल्या त्या जुन्या गोल्फ क्लबाचा एकेकाळचा सगळ्यात चांगला खेळाडू. मैदान फार मोठं नाही. नऊ होल्सचं, उन्हाळ्यात सगळं पिवळं पडणारं. पण निरंजन खेळायला उभा राहिला की इतर लोक आपला खेळ सोडून बघत राहायचे. बॉल किती लांब गेला हे नंतर. आधी त्याचा स्विंग, म्हणजे स्टिक फिरवताना अंग कसं वळतं, ते बघायचं. स्टिक सावकाश मागे जायची, कुठे पोचायचंच नसल्यासारखी. वर गेली की क्षणभर काहीच हलायचं नाही. मग डावा पाय जमिनीत रुतायचा. त्याच्यामागून कंबर, कंबरेमागून खांदा, खांद्यामागून हात, आणि सगळ्यात शेवटी स्टिक. कुणालाही घाई नसायची.

हे त्याला बाईंनी शिकवलं होतं. अनसूया आजगावकर. त्यांचे यजमान लष्करात डॉक्टर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. बाई स्वतः तरुणपणी राज्याकडून खेळलेल्या. आता पंचाहत्तरी उलटली होती. तरी पदर कमरेला खोचून रोज सकाळी सरावाच्या मैदानावर यायच्या, कुणी शिकायला येवो न येवो. निरंजन पहिल्यांदा त्यांच्याकडे आला तेव्हा शाळेत होता.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर, स्वतःच्या कारखान्यात मशीनपाशी उभा असताना तो कोसळला. मेंदूत उजव्या बाजूला गुठळी अडकली होती. जीव वाचला. बोलणंही वाचलं. डावं अंग निम्मं गेलं.

आता गुढीपाडवा जवळ आला होता.

आणि आधीच सांगून टाकतो. क्लबातल्या विजेत्यांच्या फळ्यावर त्याचं नाव त्यानंतर पुन्हा लागलं नाही. या गोष्टीत चमत्कार नाही.

निरंजनने पिशवीतून सात नंबरची स्टिक काढली. काढताना ती अडकली. त्याने हिसका दिला. पुन्हा अडकली. बाई नुसत्या बघत राहिल्या.

बॉल ठेवायला त्याला वाकता येत नव्हतं. त्याने तो हातातून सोडला आणि स्टिकने ओढून जागेवर आणला.

मग मारला.

स्टिक मागे गेली आणि वर पोचायच्या आतच खाली ओढली गेली. हात पुढे पळाले, कंबर मागे राहिली. डावा पाय होता तिथेच. स्टिक बॉलच्या डोक्याला जेमतेम लागली. बॉल घरंगळला आणि सुक्या गवतात थांबला.

टेकडीपलीकडे फायरिंग रेंजवर जवानांचा सराव चालू होता. बार ऐकू येत होते. थांबत होते. पुन्हा येत होते.

"दुसरा," बाई म्हणाल्या.

दुसराही तसाच गेला. तिसरा तर स्टिकला लागलाच नाही.

"घरी काय करतोस?"

"सगळं करतो." त्याला धाप लागली होती. "पाय जुळवून मारतो, तोल राहावा म्हणून. स्टिक उलटी धरून फिरवतो, हवेचा आवाज ऐकतो. तुम्हीच शिकवलेलं. आवाज बॉलची जागा ओलांडल्यावर निघायला हवा, आधी नाही. पाऊल टाकून मारतो. फोनवर ठोके लावून मारतो, मागे जाताना तीन, खाली येताना एक. गच्चीवर. उजाडल्यापासून मंजिरी हाका मारेपर्यंत. कुणी सांगितलेलं एकही सोडलं नाही, बाई."

मंजिरी त्याची बायको. तीच त्याला फाटकापाशी सोडून गेली होती. आत येऊ नकोस, असं त्याने तिला बजावलं होतं.

"पाय जुळवून दाखव."

"इथे?"

"मग कुठे?"

त्याने पाय जुळवले. स्टिक मागे नेली. खाली आणली. आणि तो पडला.

लांबच्या वाटेने दोघं जण आपल्या पिशव्या ओढत चालले होते. त्यांनी पाहिलं. मग पाहिलं नाही असं दाखवून ते पुढे गेले.

बाई बाकावरून उठल्या नाहीत.

निरंजन आधी कुशीवर वळला. मग उजव्या हाताने रेटून कसाबसा बसता झाला. त्याच्या पॅंटला, केसांना गवत लागलं होतं. त्याने उठायचा प्रयत्न केला नाही.

"हात तरी द्यायचा होतात," तो म्हणाला.

"मागितलास?"

"…"

"मागितला असतास तर दिला असता."

दोघं तसेच राहिले. त्या बाकावर आणि तो जमिनीवर, लहान मुलासारखा पाय पसरून.

"हॉस्पिटलमध्ये तुम्ही आला नाहीत," निरंजन म्हणाला. "सगळे आले. क्लबातला माळीसुद्धा येऊन गेला. मी रोज दाराकडे बघायचो."

"नाही आले."

"का?"

"धीर झाला नाही."

त्याने वर पाहिलं. बाईंनी नजर वळवली नव्हती.

"तुम्हाला?"

"मला."

तो गवताची काडी मोडत राहिला. एकाच हाताने ती मोडता येत नव्हती, तरी मोडत राहिला.

"गेल्या महिन्यात मी इथे आलो होतो. तुम्ही गावाला गेला होतात. पहिला बॉल मारतात तिथे सगळे जमले होते. म्हणाले, दिघेसाहेब, मारा एक. नको म्हटलं. आग्रह केला. मारला. आत्ता मारला तसाच. तिथून तिथे गेला असेल." त्याने बोट दाखवलं. "आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या."

बाईंनी बोटाच्या दिशेने पाहिलं.

"त्या बॉलला, बाई! टाळ्या! एक जण म्हणाला, वा, काय जिद्द आहे. ज्याला मी तीन क्लब स्पर्धांत हरवलं, तो. पाठीवर थोपटलं त्याने माझ्या. मी हसलो. थॅंक यू म्हटलं."

"मग?"

"मग काय. घरी गेलो."

टेकडीपलीकडचे बार थांबले होते.

"म्हणून तुम्हाला विचारतोय. तुम्ही खोटं बोलत नाही. येईल का तो परत?"

"नाही," बाई म्हणाल्या.

निरंजनने हेच ऐकायला आलो असं स्वतःला बजावलं होतं. तरी त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं. तोंड उघडं राहिलं. ओठांची डावी कड जरा लोंबली आणि ते त्याला कळलं नाही.

"थोडासुद्धा नाही?"

"तो नाही."

"डॉक्टर म्हणतात प्रयत्न सोडू नका. मंजिरी म्हणते निम्मा आलाच आहे."

"तू मला विचारलंस."

"हो…"

"त्याची सुरुवात डाव्या पायातून व्हायची. बाकी सगळं त्याच्यामागून. आता तिथून हाक येत नाही. मी काय सांगू?"

तो जमिनीकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "तुमचा कधी गेला?"

"माझा? कंबरेचं हाड मोडलं त्या वर्षी. बरी झाले, इथे आले, स्टिक उचलली. नव्हता."

"मग काय केलंत?"

"घरी जाऊन चहा केला."

"चहा…"

"दुसरं काय सुचणार?"

निरंजन हसला नाही. "तुमचं चहावर भागलं. माझ्याकडे काय आहे? आणि मंजिरी आहे, कारखाना आहे, असं सांगू नका. सगळे तेच सांगतात."

"मी कुठे म्हटलं?"

"कारखान्यात पोरं माझ्यासमोर हळू बोलतात. आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तशी. मंजिरी माझ्या शर्टाची बटणं लावते आणि लावताना वर बघत नाही. मला वाटलं, हे एक परत आलं तर बाकीचं चालेल. या एका गोष्टीत मला कुणी सांभाळून घेत नव्हतं. इथे मी…" त्याला पुढचा शब्द सापडला नाही. त्याने नाद सोडला.

मग एकदम, हवापाण्याचं बोलावं तसं, तो म्हणाला, "गोळ्या बंद केल्यात मी."

"कुठल्या?"

"सगळ्या. रक्तदाबाच्या. रक्त पातळ करायच्या. मंजिरी हातावर ठेवते. तिच्यासमोर तोंडात टाकतो. मग बेसिनपाशी जाऊन थुंकतो. नळ सोडतो."

"कधीपासून?"

"त्या टाळ्यांपासून."

एवढं बोलून तो बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला. बाईंचं तोंड काही सांगत नव्हतं. दोन्ही हातांनी त्यांनी बाकाची कड धरली होती, एवढंच.

"बोला ना काहीतरी."

"…"

"रागवा तरी! लहानपणी मान हलली तरी ओरडायचात."

"ओरडले तर घेशील?"

"नाही."

"मग?"

वारा नव्हता. ऊन चढायला लागलं होतं. मैदानाच्या कडेची सुरूची झाडं निमूट उभी होती. कुठेतरी पाण्याचा टॅंकर मागे घेत होते, त्याची पीं पीं तेवढी येत होती.

बाई उठल्या.

त्यांना उठायलाही वेळ लागत असे. एक गुडघा सरळ व्हायचा, मग दुसरा. त्या निरंजनच्या जवळून गेल्या. पडलेली स्टिक त्यांनी उचलली. एक बॉल बुटाने पुढे ओढला आणि त्याच्यापाशी उभ्या राहिल्या.

स्टिक मागे नेली.

मग वर पोचायच्या आतच त्यांचे हात खाली धावले. खांदा पुढे झोकला गेला. कंबर मागे राहिली. डावा पाय जागचा हलला नाही. बॉलला जेमतेम धक्का लागला आणि तो दोन वीत सरकला.

निरंजनला आधी कळलं नाही. मग कळलं.

"थट्टा करता माझी?"

बाईंनी बॉल पुन्हा ओढला.

"बाई! थट्टा करता?" त्याचा आवाज चिरकला. "ते लोक निदान टाळ्या वाजवतात!"

"थट्टा नाही. जमत नाहीये मला."

"काय जमत नाहीये?"

"तुझं हे. तुझा तोल डावीकडे जातो. माझा गेला नाही. म्हणजे कुठेतरी चुकतंय."

"हे काय शिकायचं असतं? हे मोडलेलं आहे!"

"असेल."

"मग?"

"जन्मभर मी एकच शिकवत आले. तो मला पाठ आहे. हा येत नाही." बाईंनी पदर पुन्हा खोचला. "सांग, कसा करायचा?"

"नाही सांगणार."

"बरं."

त्यांनी पुन्हा केला. या वेळी आणखी वाईट झाला. स्टिक जमिनीत रुतली, मातीचं ढेकूळ उडालं. त्यांनी मनगट चोळलं आणि पुन्हा उभ्या राहिल्या.

निरंजनने मान फिरवली. मग स्टिक मागे जाताना त्याला राहवलं नाही, त्याने बघितलं.

"अहो, डावा पाय आधी हलवताय तुम्ही!"

शब्द त्याच्या तोंडून निसटले होते. बाई थांबल्या.

"हलवायचा नाही?"

"तो हलतच नाही."

"मग आधी काय हलतं?"

"आधी…"

त्याला सांगता येईना. त्याने डोळे मिटले. बसल्या जागी त्याचे खांदे किंचित वळले, परत आले. पुन्हा वळले.

"आधी उजवी टाच दाबली जाते. मग कंबर… नाही. कंबर नाही. खांदा. खांदा निघतो. हात लगेच त्याच्यामागे."

"आणि पाय?"

"पायाला मी निरोप पाठवतो. तो उशिरा पोचतो."

"पण पोचतो?"

"कधी कधी. अंगठा दाबला जातो थोडा. पण तोवर सगळं होऊन गेलेलं असतं. हात थांबतच नाहीत त्याच्यासाठी."

"थांबवले तर?"

निरंजनने डोळे उघडले. तो बाईंकडे संशयाने बघत राहिला, शाळेतलं पोर बघतं तसा.

"तर वरच थांबावं लागेल," तो सावकाश म्हणाला. "पाय येईपर्यंत."

"स्टिक वर धरून?"

"वर धरून."

"अवघड आहे."

"अवघडच आहे."

बाईंनी स्टिक वर नेली आणि थांबल्या. त्यांच्या बारीक झालेल्या दंडाची कातडी थरथरायला लागली. शरीर वाट बघायला तयार नव्हतं. त्या डावीकडे कलल्या. आणखी कलल्या.

निरंजन गुडघ्यावर पुढे सरकला आणि त्याने उजव्या हाताने त्यांची कंबर धरली.

"सोडा ती स्टिक! पडाल!"

स्टिक खाली आली. बाईंना धाप लागली होती. त्याच्या खांद्यावर हात टेकून त्या उभ्या राहिल्या. टेकलेला हात त्यांनी लगेच काढला नाही.

"तू दाखव," त्या म्हणाल्या.

"मला उठता येत नाहीये."

"…"

"हात द्या," निरंजन म्हणाला.

बाईंनी हात दिला. तो म्हातारा हात त्याला ओढू शकत नव्हता. नुसता धरायला होता. तो धरून तो उठला.

बॉलपाशी उभं राहायला त्याला पुष्कळ वेळ लागला. डावं पाऊल त्याने स्टिकच्या टोकाने सरकवून सरळ केलं. मग स्टिक मागे नेली. वर नेली.

थांबला.

हात खाली यायला धडपडत होते. ते दिसत होतं. मानेची शीर उभी राहिली. चेहरा लाल झाला. त्याच्या डाव्या बुटाकडे बाई बघत होत्या. बूट तसाच होता. अजून तसाच होता. मग अंगठ्यापाशी कातडं जरासं दबलं.

स्टिक खाली आली.

बॉल उडाला. खालून, उजवीकडे वाकडा जाऊन, सुक्या नाल्याच्या अलीकडे पडला. आजच शिकायला आलेल्या कुणीही याहून बरा मारला असता.

निरंजन स्टिकवर भार टाकून उभा होता.

"हे गोल्फ नाही, बाई."

"नाही."

"असं कुणी खेळत नाही."

"नाही."

"याने काही होणार नाही."



तो रडायला लागला. आवाज न करता. बाहीने त्याने तोंड पुसलं, पण फक्त उजवा गाल. डाव्या गालावरून पाणी तसंच हनुवटीपर्यंत आलं आणि शर्टावर पडलं. ते त्याला कळत नव्हतं. बाईंना दिसत होतं. त्यांनी ते पुसलं नाही, आणि तिकडून नजरही काढली नाही.

फाटकापाशी गाडी येऊन थांबली. हॉर्न वाजला, एकदाच, हलका. मंजिरी काच खाली करून तिथूनच बघत होती. एवढ्या लांबून तिला तोंडं दिसत नसतील. तिचा नवरा उभा आहे आणि त्याच्या शेजारी म्हाताऱ्या बाई, एवढंच दिसत असेल.

निरंजनने तिकडे पाहिलं. स्टिककडे पाहिलं. मग उजवा हात वर करून त्याने तिला थांबायची खूण केली.

बाईंनी आणखी एक बॉल बुटाने ओढून पुढे आणला.

"पुन्हा एकदा कर," त्या म्हणाल्या. "मधलं थांबणं अजून मला नीट कळलेलं नाही."